मिरचीच्या डब्यात लवंग ठेवण्याआधी

"काकू, मिरचीला जरासा कुबट वास येऊन राहिला. दळताना दोन थेंब लवंगेचं तेल टाकून द्या नं."

नागपूरला सक्करदऱ्यात माझं मिरची-मसाला कांडप आहे. मार्च लागला की चार-पाच जणी तरी ही मागणी घेऊन येतात. मी नाही म्हणते आणि मिरची परत देते. एखादी तणतणत पुढच्या चक्कीवर जाते. तिने ऐकलेलं चुकीचं नसतं. लवंगेचं तेल बुरशीला आवरतं, ओव्याचंही आवरतं, दालचिनीचं तर चांगलंच. पण मिरची माझ्या दारात येईपर्यंत ते टाकायची वेळ निघून गेलेली असते.

बी.एस्सी.ला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. लवंगेतल्या युजेनॉलची आकृती आजही कागदावर काढून दाखवीन. तरी चूक केलीच. आमची कुही तालुक्यात थोडी शेती आहे, धाकटे दीर पाहतात. सहा वर्षांपूर्वी मिरची वाळत घातली आणि गारपीट झाली. घाईघाईने ताडपत्री टाकली. ताडपत्रीखाली मिरची तीन दिवस स्वतःच्याच वाफेत उबली. नंतर कडक ऊन पडलं, मिरची वाळली, रंगही बरा राहिला. फक्त ओल्या गोणपाटासारखा वास मागे राहिला. मी इतवारी बाजारातून लवंगेचं तेल आणलं, कापडावर घेऊन ड्रममध्ये टांगलं, आठ दिवसांनी झाकण काढलं. असा घमघमाट की सावजी मसालेवाल्यांनी जागेवर उचलावी! दळली, एका खरेदीदाराकडे नमुना पाठवला. त्यांनी तपासून घेतला. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. बारा कट्टे, म्हणजे बारा पोती, मिरची गेली.

लवंगेने त्या मिरचीतली बुरशी बहुतेक मारली असेल. बुरशीने ताडपत्रीखाली करून ठेवलेलं विष मात्र जिथल्या तिथे होतं. माझ्याकडे ते ओळखायची एकच खूण होती, तो कुबट वास, आणि तीच मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

तेव्हा पुढचं सगळं वाळवण्यापासून वाचा. तेलाच्या बाटलीपाशी आपण नंतर येऊ.

विषाबद्दल थोडं

अस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरव्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी. अफ्लाटॉक्सिन हे नाव तिच्याच नावातून जुळवलेलं आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी येऊन थांबला, तिथून ह्या विषाची ओळख झाली. आपल्याकडे १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. त्यांच्याच ताटातलं खाणारी कुत्रीही आजारी पडली. हे एकदम पोटात गेल्याचं झालं. थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होतो.

मसाल्यासाठी आपल्याकडे किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, धान्य-डाळींसाठी १५ ची. ३० मायक्रोग्रॅम किलोला म्हणजे अख्ख्या एक टन मिरचीत ३० मिलिग्रॅम, चिमटीतल्या मिठाचा दहावा हिस्सा म्हणा. जिभेला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. भाजल्या-शिजवल्याने काही प्रमाणात कमी होतं, पण संपत नाही. "फोडणीत जळून जाते सारं," असं आमच्याकडे मिरची निवडायला येणारी मावशी म्हणते. फोडणीचं तेल तेवढं तापेल तर आधी मोहरीचा कोळसा होईल.

पावसात सापडून काळी पडणारी खरिपाची ज्वारी हे वेगळं प्रकरण. तिथे फ्युजॅरियम जातीच्या बुरश्या असतात आणि त्यांचं विष फ्युमोनिसिन. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन लोक पोटदुखी आणि जुलाबाने हैराण झाले होते. काळी ज्वारी स्वस्त मिळते म्हणून पापडाला घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वाळवण

भिवापूर, कुही, मांढळ ह्या पट्ट्यात मिरचीचे सातरे तुम्ही पाहिले असतील. बायका ढिगाभोवती बसून देठ खुडतात. तिथे एक गोष्ट सर्रास होते: मिरची फुटू नये, ठसका उडू नये आणि वजनही भरावं म्हणून पाणी मारतात. ऊन देऊन देऊन कमावलेला कोरडेपणा अर्ध्या तासात जातो. मी मिरची घेताना कट्ट्याच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालते. वरची मिरची कुरकुरीत आणि आतली गार-नरम लागली, की पाणी मारलेली आहे. हात बाहेर काढून तसाच नाकाशी न्यायचा.

घरी वाळवताना मिरची मातीवर नको. ताडपत्री किंवा स्वच्छ सिमेंटची गच्ची, थर एकावर एक दोन मिरच्यांपेक्षा जाड नको, दिवसातून दोनदा हलवायची. रात्री गोळा करून झाकायची, कारण आपल्याकडे माघातलंही दव कमी नसतं. आभाळ आलं तर ढीग ताडपत्रीखाली दाबून ठेवू नका, जी चूक आम्ही केली. खोलीत पसरा, पंखा लावा, दोन दिवस पंखा चालू राहू द्या. विजेचं बिल मिरचीपेक्षा स्वस्त पडतं.

मिरची वाळली का हे दुपारी दोनला पाहू नका. नागपूरच्या उन्हात दुपारी दोनला काहीही कुरकुरीत लागतं. सकाळी सातला पाहा. सकाळीही मिरची वाकवली तर कडकन मोडली आणि हलवली तर आत बिया खुळखुळल्या, म्हणजे झाली. ओल साधारण १० ते ११ टक्क्यांवर यायला हवी. शेंगदाण्याचे दाणे त्याहून कोरडे लागतात, ७-८ टक्के. दाणा दोन बोटांत चोळला की लाल टरफल सुटून यावं. ज्वारी-मका १२ टक्क्यांच्या आसपास.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर धान्यासाठी मिठाची बाटली करा. कोरडी ठणठणीत काचेची बाटली घ्या, ती एक तृतीयांश भरेल इतके दाणे घाला, उन्हात चांगलं वाळवलेलं बारीक मीठ दोन चमचे टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि बाजूला ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, पुन्हा उन्हात टाका. चिकटलं नाही म्हणजे मात्र काम फत्ते झालं असं नाही. १५ च्या खाली आलं एवढंच कळलं, आणि शेंगदाण्याला तर १२ सुद्धा जास्त होतात.

उन्हातून काढलेली मिरची लगेच डब्यात भरू नका. तासभर सावलीत निवू द्या. गरम भरली की रात्री डबा थंड होतो, झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि तो थेंबथेंब वरच्या थरावर पडतो. बुरशी नेमकी तिथेच, वरच्या चार बोटांत लागते. लोक म्हणतात, झाकण तर घट्ट होतं!

निवडणं

ह्या कामाला कोणी किंमत देत नाही, पण विष सगळ्या ढिगात सारखं पसरलेलं नसतं. शंभरातले दोन-चार दाणे भयंकर आणि बाकीचे स्वच्छ, असं असतं. म्हणून हाताने निवडण्याने जेवढं विष ढिगातून बाहेर जातं तेवढं कुठल्याही तेलाने जात नाही.

मिरचीतली फटकी, म्हणजे पांढरट-पिवळी, रंग उडालेली मिरची, वेगळी काढा. बाजारात ती स्वस्त विकली जाते आणि रंग घालून भुकटीत जिरवली जाते, म्हणून तर घरी कांडून घ्यायचं. शंका आली तर देठाजवळून मिरची उभी फाडून पाहा. चांगल्या मिरचीचा आतला पडदा चकचकीत आणि बी पिवळसर दिसतं. खराब मिरचीत बियांच्या गाभ्याभोवती करड्या कापसासारखं जाळं असतं, बी तपकिरी होऊन एकमेकाला चिकटलेलं असतं, आणि फाडताना बारीक धूळ उडते. ती धूळ हुंगू नका. निवडताना नाकाला रुमाल बांधा, मिरचीच्या ठसक्यासाठी बांधताच.

शेंगदाण्यात सुरकुतलेले, फुटके, किडलेले, काळपट डाग असलेले दाणे बाजूला. "भाजल्यावर सारे सारखेच दिसतात," असं म्हणत सासूबाई चटणीला हेच दाणे वापरायच्या. सारखे दिसतात हे खरंच आहे.

कोणत्या वनस्पतीत काय

ज्या तेलात फिनॉल जातीचे रेणू आहेत ती बुरशीवर जोरात चालतात. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल. दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड आणि गवती चहातलं सिट्रल फिनॉल नाहीत, तरी तोडीस तोड आहेत. ही बुरशीच्या पेशीच्या आवरणात घुसतात, आवरण गळायला लागतं, आतला माल बाहेर येतो. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात साठवणीतल्या धान्यावर अशा सुगंधी तेलांचं पुष्कळ काम झालेलं आहे.

कडुनिंबाची तऱ्हा निराळी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ताज्या पानांचा अर्क बुरशीच्या खाद्यात १० टक्के मिसळला, तर अफ्लाटॉक्सिन ९८ टक्क्यांहून जास्त थांबलं, पण बुरशी मात्र मजेत वाढत राहिली! निंबाने तिला मारलं नाही, विष बनवायच्या साखळीची सुरुवातीची कडीच अडवली. तोच अर्क गरम करून वापरला तर परिणाम ६०-७० टक्क्यांवर उतरला. म्हणून निंबाचा काढा उकळून काही शिंपडायला सांगणारे व्हिडीओ पाहिले की मला हसू येतं. आणि हा प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, गोदामातला नव्हता, हेही सांगायला हवं.

ओव्याबद्दल कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठातून २०१० मध्ये आलेलं काम मला फार आवडतं. तिथे ओव्याच्या बियांच्या पाण्यातल्या अर्काने तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन जी१ मोडलं. म्हणजे "विषावर काहीच चालत नाही" हेही पूर्ण खरं नाही. पण चार प्रकारच्या अफ्लाटॉक्सिनांपैकी सगळ्यात वाईट बी१, आणि वाळलेल्या मिरचीला अर्कात भिजवून ठेवणार कोण?

आता संत्र्याची साल. नागपुरात राहून हा मोह टाळता येत नाही. हिवाळाभर प्रत्येक घरातून टोपलीभर साल निघते, फुकट. मीही केलं. ताज्या साली मिरचीत ठेवल्या तर पाचव्या दिवशी सालींनाच हिरवी बुरशी आली. मग वाळवून ठेवल्या. वास छान, उपयोग शून्याच्या जवळ. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि ह्या बुरशीपुढे ते लवंग-ओव्याच्या मानाने लेचंपेचं आहे. थर्माकोल मात्र झकास विरघळवतं, भाच्याने साल पिळून दाखवलं होतं. त्यावरून एक धडा घ्या: कुठलंही शुद्ध सुगंधी तेल थर्माकोल किंवा पातळ प्लास्टिकच्या वाटीत ठेवू नका. काच किंवा स्टील.

हळदीबद्दल लोक विचारतात. समुद्रपूर भागातली वायगावची हळद माझ्याकडे दळायला येते, तिचा रंग-वास काय सांगू. पण हळद बुरशीला आवरते म्हणून हळकुंडाला बुरशी लागत नाही असं होत नाही. नीट न वाळलेलं हळकुंड आतून काळं निघतं, आणि मसाल्यांसाठीची ती ३० ची मर्यादा हळदीलाही लागू आहे.

पोटली आणि तेल

घरच्या पाच किलो मिरचीसाठी मी तेल वापरत नाही. लवंगेच्या कळीतच १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं, बाटलीला पैसे कशाला? पंचवीस ग्रॅम लवंग आणि बोटभर दालचिनीचे दोन तुकडे खलबत्त्यात नुसते फोडून घ्या, पूड नको. मलमलच्या दोन पोटल्या बांधा. एक कोठीच्या मधल्या थरात, एक सगळ्यात वर. वरची महत्त्वाची, कारण घाम धरला तर तिथेच धरतो. कोठी काठोकाठ भरा, रिकामी जागा जितकी कमी तितकं बरं. हे प्रमाण माझ्या हाताचं आहे, प्रयोगशाळेचं नाही. आणि दालचिनी म्हणून किराणा ओळीत जी जाड साल मिळते ती खरं तर कॅसिया असते. चालेल, सिनॅमल्डिहाइड तिच्यात भरपूर असतं.

मोठ्या साठ्याला तेल. आधी गणित करून पाहा, म्हणजे भ्रम जातो. प्रयोगांत बंद हवेच्या दर लिटरला अर्धा मिलिलिटर तेल, अशा आसपासच्या मात्रा दिसतात. तेल बदललं, ओल बदलली की आकडा बदलतो. वीस लिटरचा डबा शेंगदाण्याने काठोकाठ भरला तर दाण्यांच्या फटींत साधारण आठ लिटर हवा राहते. म्हणजे चार मिली तेल, शिवाय दाणे स्वतः शोषतील ते वेगळं. ही झाली एका डब्याची गोष्ट. हेच गणित एका खोलीभर गोदामाला लावा आणि लवंगेच्या तेलाचा भाव विचारून या! म्हणून बंद डबा, बंद ड्रम, इथपर्यंतच ह्या पद्धतीची हद्द आहे. सुतळीच्या पोत्यांवर तेल शिंपडणं म्हणजे गल्लीला अत्तर लावणं.

मी असं करते. स्टीलच्या चहा-गाळणीसारख्या छोट्या जाळीत कापसाचा बोळा, त्यावर ड्रॉपरने तेल, आणि जाळी तारेने झाकणाच्या आतून टांगलेली. तेल दाण्याला लागता कामा नये, वाफच लागायला हवी. झाकणाच्या कडेला पातळ कापडाची पट्टी किंवा रबर. पंधरा दिवस उघडायचं नाही. हातमोजे घाला, लवंग-दालचिनीचं शुद्ध तेल कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर विचारू नका. जवळ शेगडी-दिवा नको, लहान मूल नको.

मात्रा अर्धवट ठेवून "थोडं तरी होईल" असं करू नका. बुरशी मरत नाही आणि ताणाखाली आलेली बुरशी कधी कधी विष जास्तच करते. पुरेसं टाका, नाही तर टाकूच नका.

तेल खरं आहे का हे पाहायला एक ग्लास पाणी पुरे. लवंगेचं शुद्ध तेल पाण्यापेक्षा जड असतं. थेंब सोडा, काडीने हलकेच ढवळा. तेल तळाशी गेलं पाहिजे. वर तरंगत राहिलं तर त्यात खाद्यतेल किंवा टर्पेंटाइन मिसळलेलं आहे. दालचिनीच्या सालीचं तेलही बुडतं. ओव्याचं आणि गवती चहाचं मात्र मुळातच तरंगतं, त्यांना ही परीक्षा लावू नका. मी पहिल्यांदा आणलेली बाटली तरंगली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, ही हलकी क्वालिटी आहे." शब्दशः खरं बोलला.

वासाची जोडी जमवणं हे अर्धं काम. जे शेवटी त्याच चवीच्या पदार्थात जाणार आहे तिथेच ते तेल. मिरचीला लवंग-दालचिनी चालते, कारण ती पुढे मसाल्यातच पडणार. चटणीच्या शेंगदाण्याला ओवा चालतो. ज्वारीत लवंग ठेवली त्या महिन्यात ह्यांनी भाकरीचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "आज दाताच्या डॉक्टरकडून आली का भाकर?" ज्वारी, तूर, तांदूळ ह्यांना मी काही लावत नाही. चांगलं वाळवते आणि घट्ट झाकते.

बियाण्याला तर नकोच. भुईमुगाच्या बियाण्यात मी एकदा ओव्याचं तेल ठेवलं. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे घातले: साध्या डब्यातले ८४ उगवले, ओव्याच्या डब्यातले ५१. जे तेल बुरशीच्या पेशीत घुसतं ते अंकुराला सोडेल कशाला?

कडुनिंबाचा पाला धान्यात घालायची रीत जुनी आहे, ठेवा. पण ओला नको. सासूबाई पाला सावलीत वाळवायच्या, मुठीत घेतला की चुरा व्हायचा, मगच घालायच्या. माझ्या जावेने घाईत ताजा पाला तुरीत दाबला. पाल्यातलं पाणी तुरीने घेतलं आणि पाल्याभोवतीच बुरशीचे गोळे झाले.

शेतात

इथे थोडक्यात सांगते, कारण हे दीरांचं खातं. भुईमुगाला शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण बसला की शेंगेत बुरशी शिरते. त्या दिवसांत एखादं संरक्षक पाणी बाकी सगळ्या उपायांपेक्षा मोठं. किडीने भोक पाडलेली शेंग, बोंड, कणीस हे तिचं दार. ते बंद ठेवायला निंबोळी अर्क: जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड, रात्रभर दहा लिटर पाण्यात, सकाळी कापडातून पिळून घ्यायची, दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण शंभर लिटर करायचं. फवारणी संध्याकाळी, कारण निंबोळीतलं कीड आवरणारं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतं. हा अर्क किडीसाठी आहे. बुरशीला त्याचा फायदा होतो तो दार बंद झाल्यामुळे.

खराब निघालं तर

निवडून काढलेली फटकी, काळे दाणे, बुरशीची सरकी ढेप, हे सगळं "ढोरांना चालते" ह्या खात्यात जातं. मामाजींचंही, म्हणजे सासऱ्यांचंही, हेच म्हणणं होतं. गाईने खाल्लेलं बी१ तिच्या शरीरात बदलतं आणि एम१ होऊन दुधात उतरतं. दुधासाठी मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ढोराच्या तोंडातून फिरून ते नातवाच्या पेल्यात येतं. हे सांगितल्यावर मामाजी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी दिरांना खड्डा खणायला सांगितला. जाळू नका, मिरचीच्या धुराने मोहल्ला तुमच्या दारात येईल. पुरा.

लाकडी घाण्यावर तेल काढून "दाणे सत्कारणी" लावणंही नको. कारखान्यातल्या रिफाइनिंगमध्ये अल्कली वापरतात, त्यात हे विष निघून जातं. घाण्याच्या नुसत्या गाळलेल्या तेलात थोडं राहतं आणि ढेपेत भरपूर. घाण्याचं तेल वाईट नाही, आमच्या घरी तेच येतं. पण त्याला दाणा निवडलेलाच हवा.

तपासणी

विकायचं असेल तर एनएबीएल ह्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या. नमुना घेण्यातच लोक फसतात. वरून मूठभर उचलून दिली तर अहवाल त्या मुठीचा येतो. प्रत्येक कट्ट्यातून वरून, मधून, तळातून घ्या, दोन-तीन किलो जमवा, सगळं दळा, नीट मिसळा, मग त्यातून पाव किलो काढा. आणि हे लवंग ठेवण्याआधी करा, नंतर नाही.

अतिनील (यूव्ही) प्रकाशाच्या टॉर्चने विष दिसतं असे व्हिडीओ फिरतात. भरडलेल्या मक्यात किंवा सरकीत हिरवट-पिवळी चमक दिसते, ती त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची असते. संशय घ्यायला ठीक. मिरचीवर त्या टॉर्चचा काही उपयोग नाही. मी घेतली आहे, सध्या दिवे गेले की वापरते.

माझं वेळापत्रक असं: मिरची भरली की डब्यावर तारीख. आषाढ लागायच्या आत एकदा उघडून हात घालायचा, हुंगायचं, पोटल्या बदलायच्या. श्रावण-भाद्रपदात मोठी कोठी उघडायचीच नाही. तेव्हासाठी एक किलोची बरणी आधीच वेगळी काढून ठेवलेली असते. नवरात्रात दुसऱ्यांदा पोटल्या बदलायच्या. काढलेल्या लवंगा फेकायच्या. त्या ह्यांच्या चहात जातात असा ह्यांचा आरोप आहे. जात नाहीत.